युक्काचं खोड बुडाशी मऊ लागतंय, पानं भराभर पिवळी पडतायत. झाड वाचेल का?

पानफुटी

नमस्कार. बागकामावरचे इथले धागे बरीच वर्षं वाचतेय, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. माझ्याकडे एकाच कुंडीत तीन खोडांचा युक्का आहे. उंच खोड छातीपर्यंत, मधलं कमरेइतकं आणि धाकटं गुडघ्याच्या जरासं वर. चार महिन्यांपूर्वी घर बदललं तेव्हा बाकीची झाडं वाटून टाकली, हे एकच सोबत आणलं. जुन्या घरी ते गॅलरीत होतं, सकाळचं ऊन मिळायचं. इथे हॉलच्या कोपऱ्यात आहे, खिडकीपासून दहाएक फुटांवर.

गेल्या दोन आठवड्यांत खालची आठ-दहा पानं पिवळी होऊन लोंबली. वरच्या पानांची टोकं तपकिरी झालीत. काल पुसताना धाकट्या खोडाला बुडाशी हात लागला, तर ते दाबलं जातंय, पिकल्या फळासारखं. पाणी पूर्वीसारखंच देते, दर चार दिवसांनी एक तांब्या. खतबित काही घातलेलं नाही. काय चुकतंय? हे झाड मला घालवायचं नाहीये.

कवडसा

टोकं तपकिरी म्हणजे पाणी कमी पडतंय. माझ्या झाडाचं असंच झालं होतं, पाणी वाढवल्यावर आठवड्यात तरतरीत झालं. एक दिवसाआड देऊन बघा.

रानवाट

पानफुटी, कृपया आज पाणी देऊ नका. आधी हे वाचा.

कवडसा यांचा अनुभव खरा असणार, पण इथे खोड मऊ लागतंय आणि त्यामुळे सगळं चित्र बदलतं. टोकं दोन्ही वेळा तपकिरी होतात. माती सुकली की मुळांना पाणी मिळत नाही म्हणून, आणि माती सतत ओली राहिली की मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी वर चढवू शकत नाहीत म्हणून. पानाला दोन्हीकडे तहानच. फरक खोडाला हात लावून कळतो. तहानलेल्या युक्काचं खोड टणक राहतं. दाबलं जाणारं खोड म्हणजे आतून कुजायला लागलेलं.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही पाणी वाढवलं नाहीत, हे मान्य. पण झाडाचा उजेड कमी झाला. झाड पाणी खर्च करतं ते उजेडाच्या हिशोबाने. गॅलरीतल्या उन्हात जो तांब्या चार दिवसांत संपत होता, तो हॉलच्या कोपऱ्यात तीन आठवडेही पुरू शकतो. जागा बदलली की पाण्याचा वार नव्याने ठरवावा लागतो. दर चार दिवसांनी, दर रविवारी, असला नेम युक्काला लावूच नये.

तीन गोष्टी बघून सांगा. कुंडीला भोकं आहेत का? कुंडी दुसऱ्या शोभेच्या कुंडीत ठेवली आहे का? आणि बांबूची एक लांब काडी मातीत तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढा. ती कशी येते, वास कसा येतो?

कवडसा

रानवाट, हे लक्षातच आलं नव्हतं. माझं झाड भर उन्हात होतं आणि खोड घट्ट होतं. पानफुटी, माझा सल्ला मागे घेतो, पाणी देऊ नका.

पानफुटी

कुंडीला भोकं आहेत. पण ती एका चिनी मातीच्या मोठ्या कुंडीत बसवली आहे, नव्या घरात फरशीवर डाग पडू नयेत म्हणून घेतलेली. आत्ता दोघांनी मिळून झाड उचललं. खाली चार बोटं पाणी साचलंय, काळपट, आणि गटारासारखा वास. काडी तळाशी चिखल घेऊन आली. चार महिने मी त्याला पाण्यात उभं केलं होतं. फार वाईट वाटतंय.

मृद्गंध

वाईट वाटून घ्यायला नंतर वेळ आहे, आधी झाड बाहेर काढा. युक्का चिवट असतो, खोडाचा टणक तुकडा हाती राहिला तरी त्यातून झाड परत येतं. माझी दोन अशीच परत आली आहेत.

कुंडी आडवी करून मातीचा गड्डा सरकवून काढा, खोडाला धरून ओढू नका. माती हाताने मोकळी करा, मुळं साध्या पाण्याखाली धुवा. चांगली मुळं फिक्या रंगाची आणि कडक असतात. कुजकी तपकिरी-काळी, चिमटीत धरली की साल निसटून आत दोरा राहतो. ती सगळी कापा. मग प्रत्येक खोड बुडापासून वरपर्यंत दाबत या. मऊ भाग संपतो त्याच्या दोन-तीन बोटं वर करवतीने आडवा छेद घ्या. कापलेला भाग आतून पांढरट, क्रीम रंगाचा आणि घट्ट असायला हवा. मध्ये तपकिरी ठिपका किंवा कडं दिसलं तर आणखी वर कापा, अगदी स्वच्छ भाग येईपर्यंत. प्रत्येक छेदाआधी पातं स्पिरिटने पुसा, नाहीतर कुज एका खोडातून दुसऱ्यात तुम्हीच न्याल.

आणि खोडाच्या वरच्या बाजूला पेनाने बाण काढून ठेवा. पानं नसलेल्या तुकड्यात वर-खाली कोणतं ते नंतर कळत नाही, आणि उलटा लावलेला तुकडा रुजत नाही.

थोडं विषयाबाहेर, पण उपयोगी: अशा तीन उंचीच्या जोडकुंड्यांमधली खोडं म्हणजे मोठ्या झाडाच्या कापलेल्या कांड्या असतात. वर मेण लावतात, खाली मुळं फुटवतात आणि तीन कांड्या एका कुंडीत उभ्या करतात. म्हणून जाड खोडाच्या मानाने मुळांचा पसारा बराच लहान असतो. खोड बघून आपल्याला वाटतं की एवढं मोठं झाड, पाणीही तसंच लागेल. पिणारी मुळं मात्र मूठभर.

पानफुटी

रात्रीचे साडेअकरा वाजलेत, आत्ता हात धुतले. धाकटं खोड गेलं. कापत कापत वर गेले, शेवटपर्यंत आत तपकिरी होतं. मधलं खालून वीतभर कुजलं होतं, त्यावर पांढरं स्वच्छ लागलं, पण आता त्याला एकही मूळ नाही. उंच खोड टणक आहे, एका बाजूची मुळं चांगली आहेत, साधारण अर्धी. मधल्याचं पुढे काय करू? लगेच मातीत लावू?

मृद्गंध

लगेच नाही. ओली जखम मातीत गेली की पुन्हा कुजणार. हवेशीर सावलीत पाच-सात दिवस तसंच ठेवा, छेदावर कोरडी खपली धरू द्या. पानांचा झुबका मोठा असेल तर खालची निम्मी पानं काढा, कारण मुळं नसताना एवढी पानं पोसणं खोडाला जड जातं. शेंड्याचा तुरा ठेवा.

कमरेइतक्या खोडातला वीतभर गेला तरी बरंच उरलं असेल. त्याचे दोन भाग करता येतील. शेंड्याखाली दीड वीत खोड ठेवून एक, आणि उरलेलं बिनपानांचं खोड दुसरा. दोन्ही रुजतात. बिनपानाच्या तुकड्यावर सालीखाली निजलेले डोळे असतात, ते फुटतात.

उंच खोड मात्र एक-दोन दिवसांत कोरड्या नव्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका. तुटलेली मुळं सुकून बंद होऊ द्या.

पानफुटी

मिश्रण कशाचं करू? आणि तळाशी विटांचे तुकडे घालू ना, निचऱ्यासाठी?

निवडुंगवेडा

तळाला खडी हवीच. मी प्रत्येक कुंडीत तीन बोटं घालतो.

रानवाट

निवडुंगवेडा, याबाबत माझं मत वेगळं आहे आणि ते मी प्रयोग करून बनवलंय. भोकावर खापरीचा एक तुकडा ठेवणं ठीक, माती वाहून जात नाही. पण खडीच्या थराने निचरा वाढत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांमध्ये सहज उतरत नाही, वरची माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्यावरच ते खाली टपकतं. म्हणजे कुंडीच्या तळाशी जो ओला पट्टा असतो तो खडीमुळे तेवढाच वर सरकतो, थेट मुळांपाशी. पारदर्शक डब्यात करून बघा, डोळ्यांना दिसतं. तीच खडी बारीक करून सगळ्या मातीत मिसळली तर मात्र खरा फायदा होतो.

पानफुटी, मिश्रण असं करा: दोन भाग कुंडीची साधी माती, एक भाग भरड वाळू, एक भाग परलाइट किंवा प्युमिसचे खडे. वाळू अगदी बारीक असेल तर वापरू नका, ती मातीत बसून सिमेंटसारखी घट्ट होते. नुसत्या कोकोपीटमध्येही लावू नका, ते फार काळ ओल धरतं. मूठभर घेऊन ओलं करून दाबा. हात उघडल्यावर गोळा आपोआप विस्कटला पाहिजे.

आपल्याकडे शेतीत वाफसा हा शब्द आहे. जमीन ओलीही असते आणि तिच्यात हवाही खेळत असते ती अवस्था. युक्काच्या मुळांना वाफसा हवा आणि त्यानंतर कोरडेपणाही हवा. कुंडी पक्क्या मातीची घ्या, तिच्या अंगातून पाणी उडतं, आणि वजनदार असल्याने उंच झाड कलंडत नाही. मुळं निम्मी राहिली आहेत, तेव्हा कुंडी पहिल्यापेक्षा लहानच लागेल. मोठ्या कुंडीत मुळं पोचत नाहीत ती माती नुसती ओली बसून राहते.

निवडुंगवेडा

डब्याचा प्रयोग आज केला. खडीच्या वरची मातीच ओली राहिली, खाली खडी कोरडी. इतकी वर्षं घालत आलो. पुढच्या वेळी मातीत मिसळून लावेन. धन्यवाद रानवाट.

दगडफूल

धागा छान चाललाय, मध्येच एक शंका विचारतो. माझ्याकडेही असंच खोडाचं झाड आहे, कुणी युक्का म्हणतं, कुणी ड्रॅसिना. ओळखायचं कसं?

रानवाट

पान हातात धरा. ड्रॅसिनाचं पान मऊ, कमानीसारखं वळणारं, कड गुळगुळीत. युक्काचं पान ताठ, तलवारीसारखं, आणि घरात लावतात त्या युक्काच्या पानाच्या कडेवरून बोट फिरवलं तर अगदी बारीक करवतीसारखं खरखरीत लागतं. दोन्ही एकाच कुळातली, शतावरीच्या. घायपातही त्याच कुळातलं आणि युक्काच्या आणखी जवळचं.

घरात लावतात तो बहुतेक वेळा युक्का गिगांटिया, जुनं नाव युक्का एलिफंटिपिस. मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचा, एल साल्वाडोरचं राष्ट्रीय फूल हेच. याची टोकं बोचत नाहीत. युक्का अ‍ॅलोइफोलियाची टोकं मात्र सुईसारखी असतात, येण्याजाण्याच्या वाटेवर किंवा मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर तो ठेवू नका. युक्का फिलामेंटोसा जमिनीलगत झुबक्याने वाढतो, पानांच्या कडेला पांढरे दोरे सुटलेले असतात, आणि तो बर्फही सोसतो. गिगांटियाला बर्फ सोसत नाही, पारा १० अंशांखाली जायला लागला की त्याला आत घ्यावं.

मृद्गंध

रानवाट यांच्या माहितीत एक भर, कारण पाण्याच्या विषयाशी तिचा थेट संबंध आहे. अ‍ॅलोइफोलिया पानांवरची रंध्रं रात्री उघडतो. रात्रीच्या गारव्यात कार्बन डायऑक्साइड साठवून दिवसा वापरतो, म्हणून उन्हात पाणी उडत नाही. फिलामेंटोसा मात्र साध्या झाडांसारखा दिवसाच रंध्रं उघडतो. या दोघांचा निसर्गात झालेला संकर म्हणजे युक्का ग्लोरिओसा, आणि तो या बाबतीत दोघांच्या अधेमधे आहे. मला हे वाचून फार नवल वाटलं होतं.

चिमणचारा

घरात दोन मांजरं आहेत म्हणून विचारते. युक्का विषारी असतो का? थोरला बोका पानं चावतो.

मृद्गंध

युक्कामध्ये सॅपोनिन असतं, साबणासारखा फेस करणारं द्रव्य. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी काही युक्कांच्या मुळांनी केस आणि कपडे धूत, ते याच्यामुळे. मांजर-कुत्र्यांनी पानं खाल्ली तर लाळ गळते, उलट्या होतात. तुमचा बोका चावतोच आहे तर झाड त्याच्या आवाक्याबाहेर हलवा, आणि त्याने खाल्लेलं दिसलं तर पशुवैद्यांना फोन करा.

याला जोडून एक इशारा. खाण्याचा कंद असतो तो युका, म्हणजे कसावा, एका 'क'चा. ते झाड पूर्ण वेगळ्या कुळातलं. युरोपात हे झाड पहिल्यांदा पोचलं तेव्हा लोकांनी त्याला कसावा समजून ते नाव दिलं आणि लिनियसने १७५३ मध्ये तेच कायम केलं. नाव सारखं आहे म्हणून कुंडीतल्या युक्काचं मूळ कुणी तोंडात घालू नये.

दगडफूल

माझं झाड युक्काच निघालं, कड खरखरीत आहे. रानवाट, आभार. याला घरात फूल येतं का?

रानवाट

कुंडीत, घरात, जवळजवळ नाहीच. बाहेर जमिनीत मोठा झाला तर वरून मोठा तुरा निघतो, पांढऱ्या घंटांसारखी फुलं. घायपात फुललं की मरतं, तशी भीती इथे नाही. फुलून गेलेल्या शेंड्याखालून फांद्या फुटतात.

फळ धरणं मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि ती मला मनापासून सांगावीशी वाटते. बहुतेक युक्कांचं परागीभवन एकाच जातकुळीचे छोटे पतंग करतात. १८७२ मध्ये जॉर्ज एंगलमन यांच्या हे लक्षात आलं, चार्ल्स रायली यांनी त्याचा बारकाईने अभ्यास केला. मादीच्या तोंडाशी खास सोंडेसारखे अवयव असतात. त्यांनी ती पराग गोळा करते, गोळी करून मानेखाली धरते, दुसऱ्या फुलावर जाते, बीजकोशात अंडी घालते आणि मग मुद्दाम वर चढून परागाची ती गोळी फुलाच्या कुक्षीवर दाबून बसवते. तिला स्वतःला त्या फुलातलं काही खायचं नसतं. अळ्या निघतात त्या काही बिया खातात, उरलेल्या झाडाला राहतात. एखाद्या फुलात अंडी जास्त झाली तर झाड ते फूलच गाळून टाकतं. डार्विनने १८७४ मध्ये एका पत्रात याला आजवर प्रसिद्ध झालेलं परागीभवनाचं सर्वांत अद्भुत उदाहरण म्हटलं होतं. हा पतंग जिथे नाही तिथे बहुतेक युक्का फुलतात, पण हाताने पराग लावल्याशिवाय फळ धरत नाहीत.

दगडफूल

हे माहीत नव्हतं. मी मोहावे वाळवंटात जोशुआ ट्री पाहिलेत, तोही युक्काच, युक्का ब्रेविफोलिया. संध्याकाळी त्यांच्याखाली उभं राहिलो होतो, चहूकडे दूरदूरवर तीच झाडं, हात वर केल्यासारखी. त्यांच्या खोडात वर्षांची वलयं नसतात, म्हणून वय नेमकं मोजता येत नाही. त्या वेळी कुणी या पतंगाबद्दल सांगितलं असतं तर फुलांकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

पानफुटी

धागा वर काढतेय. सात आठवडे झाले.

उंच खोड नव्या कुंडीत खिडकीजवळ ठेवलंय. पहिले तीन आठवडे पानं गळतच होती, रोज सकाळी एखादं पिवळं. शेंड्यात आता नवी पानं दिसतायत, ताठ आणि गर्द. मधल्याचे दोन भाग सुकवून वाळू-परलाइटमध्ये लावले होते. शेंड्याचा भाग परवा हलकेच हलवला तर हलला नाही, मातीने धरून ठेवलाय. बिनपानाच्या तुकड्यावर काहीच नाही, पण टणक आहे. थांबू का टाकू?

मृद्गंध

टणक आहे तोवर थांबा. माझ्या एकाला डोळा फुटायला तीन महिने लागले होते. आणि उपटून मुळं बघायचा मोह आवरा, नवी मुळं काचेसारखी मोडतात.

कवडसा

पानफुटी, एक सांगतो, यावेळी माझ्या चुकीतून शिकलेलं. रुजलं म्हणून लगेच कडक उन्हात ठेवू नका. मी एका रविवारी घरातलं झाड थेट दुपारच्या उन्हात नेलं, तीन दिवसांत पानांवर वाळलेल्या गवताच्या रंगाचे चट्टे पडले. ते चट्टे कधीच जात नाहीत, पान गळेपर्यंत तसेच राहतात. आधी सकाळचं तासभर, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडं वाढवत दोन आठवड्यांत पूर्ण ऊन, असं केलं तर सोसतं.

शेवंती

वाचनखूण साठवली. माझ्या युक्काच्या पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसतोय, तो काय?

रानवाट

पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. स्पिरिटमध्ये कापसाचा बोळा बुडवून एकेक पुसून काढा, दर आठवड्याला, निदान महिनाभर. एकदा पुसून भागत नाही, अंडी राहतात. पानं खाली चिकट लागत असतील तर ओल्या फडक्याने धुवून काढा. पिवळे बारीक ठिपके आणि जाळं असेल तर लाल कोळी, त्याला पाण्याची जोरदार फवारणी पानांच्या खालून. कुंडी मात्र तेव्हा प्लास्टिकने झाका, सगळं पाणी मातीत जायला नको.

खताचं कुणी विचारलं नाही, तरी सांगून ठेवतो. वाढीच्या दिवसांत महिना-दीड महिन्याने निम्म्या मात्रेत द्रवखत, तेवढं पुरे. थंडीत बंद. नुकत्याच कापलेल्या, मुळं नसलेल्या झाडाला अजिबात नको.

पानफुटी

आणखी पाच आठवड्यांनी. बिनपानाच्या तुकड्यावर वरच्या छेदाखाली दोन हिरवे कोंब आलेत, समोरासमोर. एक मटाराएवढा, एक करंगळीच्या पेराएवढा. दोन्ही ठेवू की एक खुडू?

रानवाट

दोन्ही ठेवा. पुढे दोन्ही तुरे होतील, झाड भरदार दिसेल. कुंडी दर आठवड्याला पाव वळसा फिरवा म्हणजे दोन्हींना सारखा उजेड मिळेल. चिनी मातीच्या त्या कुंडीचं काय केलंत?

पानफुटी

तिच्यात आता छत्र्या ठेवतो. तिन्ही कुंड्या खिडकीत ओळीने आहेत, खाली उथळ बशा, पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने रिकाम्या करते. वार पाळणं सोडलं. काडी प्रत्येकीत खुपसलेलीच असते. आज उंच झाडाची काडी काढली, अठरा दिवसांनी, तळापर्यंत कोरडी आली. त्याला पाणी घालून आले. बाकी दोघांच्या काड्या टोकाशी अजून गार लागतात, त्यांना सोमवारी बघेन.